डॉक्टर, आई आणि न बोलणारं मूल

ऑटिस्टिक मुलाला दवाखान्यात नेलं की डॉक्टरांचीही पंचाईत होते. ‘कुठं दुखतंय?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ट्यूबलाइटचा उजेड, बाहेरच्या बाकांवरची रडारड, स्टेथोस्कोपचा गार स्पर्श, यांनी मूल आधीच बिथरलेलं असतं. दाढ दुखते म्हणून ते डोकं आपटतं आणि कागदावर लिहिलं जातं, ऑटिझममुळे. अशा वेळी डॉक्टरांना एकच दुभाषी असतो, आई. वैद्यकशास्त्रानं एके काळी तिलाच आरोपी केलं होतं.

1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही अवस्था जन्मजात असावी, असं त्यांनीच लिहिलं. त्याच लेखात मायाळू आईबाप फार थोडे दिसले, अशीही नोंद केली. पुढच्यांनी नेमकी दुसरी गोष्ट उचलली आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द रूढ झाला. एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून हे कारण शारीरिक असल्याचं मांडलं. तरीही 1967 मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांचं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ गाजलंच. मुलाला आईबापांपासून दूर ठेवणं हा त्यांच्या उपचाराचा भाग होता! अखेर 1969 मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. ज्या आईला सतत संशयानं पाहिलं जातं, ती डॉक्टरांना मोकळेपणानं काय सांगणार?

आपण अमेरिकेला हसू नये. आपल्या मोहल्ल्यात हा इंग्रजी शब्द कधी आलाच नाही, पण दोष आईच्याच पदरात पडला. मगरिबच्या वेळी बाहेर गेली होती, कुणाची नजर लागली, जिन्नाचा साया आहे. आधी तावीज, मग दम केलेलं पाणी, मग दर्गा. दुआ जरूर करावी, माझा तिला विरोध नाही. मात्र या फेऱ्यांत मुलाची कोवळी वर्षं निघून जातात आणि डॉक्टरांच्या हाती मूल फार उशिरा येतं.

सरकारी कागदांनीही डॉक्टरांना साथ दिली नाही. 1995 च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. प्रमाणपत्र द्यायचं तर बरेचदा मतिमंदत्वाचा रकाना भरावा लागे. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात त्याचं नाव आलं. दिव्यांग म्हणून स्वतंत्र नोंद व्हायला मात्र 2016 चा कायदा यावा लागला.