पंचेचाळिसावं पान नेमकं कुठे असतं?

मंडळी, वर्डमध्ये कंट्रोल आणि जी दाबायचं, पानाचा आकडा टाकायचा, एंटर मारायचं. आपण थेट त्या पानावर. पण ‘आकडा म्हणजे पत्ता’ ही कल्पना आली कुठून?

आपल्या पोथ्यांवरही पत्रांक असत, पण ते सुट्या पानांचा क्रम बिघडू नये म्हणून. दुसऱ्याने नक्कल केली की अक्षर बदलायचं, पानंही सरकायची. ‘बारावं पान पाहा’ हे त्या एकाच पोथीपुरतं खरं.

छपाईने हे बदललं. आता शेकडो प्रती हुबेहूब सारख्या. १४९९ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुतियसने पेरोत्तीच्या ‘कोर्नुकोपिए’मध्ये पानांना आणि ओळींनाही आकडे दिले, सूचीतून थेट त्या ओळीवर जाता येऊ लागलं. १५७८ मध्ये आंरी एस्तिएनने प्लेटोचे ग्रंथ छापले. आजही प्लेटोच्या अभ्यासू आवृत्त्यांच्या समासात त्याचेच पृष्ठांक असतात. ‘रिपब्लिक’ सुरू होतं ३२७ वर, मग तुमच्या हातातल्या पुस्तकात ते पहिलं पान का असेना!

आणि वर्ड? तो फॉन्ट आणि कागदाचा आकार बघून पानं नव्याने पाडतो. तुमचं पंचेचाळिसावं पान माझ्याकडे सत्तेचाळिसावं. म्हणजे आपण पुन्हा पोथीच्या काळात आलो की!

म्हणून दुसऱ्याला मजकूर पाठवताना पानाचा आकडा सांगू नका, बुकमार्क घाला. त्याच खिडकीतून तिथेही उडी मारता येते. एस्तिएनचे आकडे टिकले, कारण ते कागद सोडून मजकुराला चिकटले.