माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ : केंद्र शासनाच्या वचनपूर्तीचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :
शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ या वसाहतकालीन कायद्याने भारतीय प्रशासनात गोपनीयतेची परंपरा दृढ केली. स्वातंत्र्यानंतरही ती टिकून राहिली. पारदर्शकतेचे वचन केंद्र शासनाने कितपत पाळले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९७५ मध्ये राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जनतेचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. १९९० मध्ये राजस्थानात स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने मजुरीच्या हजेरीपटांची मागणी करून या हक्कास जनआधार दिला. तामिळनाडू व गोवा (१९९७), तसेच महाराष्ट्र (२००२) या राज्यांनी केंद्रापूर्वीच कायदे केले. केंद्राचा २००२ चा माहिती स्वातंत्र्य अधिनियम मात्र अंमलात आलाच नाही. अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून सध्याचा अधिनियम पूर्णतः लागू झाला.

मूल्यमापन :
या अधिनियमाने दोन प्रकारची वचने दिली. पहिले, मागितलेली माहिती ३० दिवसांत देण्याचे. त्यामुळे सामान्य नागरिकास दाद मागण्याचा कायदेशीर मार्ग मिळाला, ही निर्विवाद उपलब्धी होय. दुसरे, कलम ४ नुसार माहिती स्वतःहून प्रकट करण्याचे. नागरिकांना अर्ज करण्याची कमीत कमी गरज पडावी, हा त्यामागील हेतू कायद्यातच नमूद आहे. म्हणून अर्जांची वाढती संख्या हे यशाचे प्रमाण मानता येत नाही. उलट ती दुसऱ्या वचनातील उणीव दर्शविते.

संस्थात्मक पातळीवरही पीछेहाट दिसते. आयुक्तांची रिक्त पदे वेळेत भरण्याबाबत १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयास निर्देश द्यावे लागले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे गेला; पूर्वीची पाच वर्षांची मुदत नियमांद्वारे तीन वर्षांवर आली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने कलम ८(१)(ञ) मधील वैयक्तिक माहितीविषयीच्या मर्यादा काढून अपवादाची व्याप्ती वाढविली. कलम ८(२) मधील व्यापक लोकहिताची तरतूद कायम असली, तरी ज्या हजेरीपटांच्या मागणीतून ही चळवळ उभी राहिली, त्यांतही व्यक्तींची नावेच असतात, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष :
अर्जदारास उत्तर देण्याच्या बाबतीत शासनाची प्रगती लक्षणीय आहे. न मागता सांगण्याच्या बाबतीत ती अपुरी आहे. आयुक्तांची स्वायत्तता तर संकुचित झाली आहे. कायदा करणे ही वचनपूर्ती नव्हे, तिचा केवळ प्रारंभ होय.