वेंगुर्लं गहाण पडलं होतं, तेव्हाची गोष्ट

मंडळी, वेंगुर्ल्याची पडकी डच वखार आपण सगळ्यांनी बघितलेली आहे. डच इथे 1637 च्या सुमारास आले. पण आज गोष्ट वखारीची नाही, उधारीची सांगतोय.

1765 मध्ये इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग आणि रेडीचा यशवंतगड घेतला. सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांचा, यशवंतगड सावंतांचा. पुढच्याच वर्षी दोन्ही किल्ले पैशाच्या बोलीवर परत केले. सावंतांच्या वाट्याला 2 लाख रुपये आले. एवढी रोकड आणायची कुठून? मग विठोजी नावाच्या सावकाराकडे अख्खं वेंगुर्लं 13 वर्षांसाठी गहाण टाकलं आणि वसुलीवर नजर ठेवायला इंग्रजांची छोटी वखार बसली. मुदत संपली. खेम सावंतांनी गाव परत मागितलं. इंग्रज म्हणाले, तुमच्याच आडकाठीमुळे वसुली झाली नाही, सोडणार नाही. शेवटी 4 जून 1780 ला सावंतांनी हल्ला करून वेंगुर्लं घेतलं. कर्जाचा हिशोब तलवारीने मिटला!

व्यापारात रोज तलवार काढता येत नाही. म्हणून आपल्याकडे हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनी. आधीच पैसे हवे असतील तर थोडा वटाव कापून दुसरी पेढी ती विकत घ्यायची. रोकड घेऊन गलबतातून जायची जोखीम टळली. सगळा खेळ पेढीच्या पतीवर.

आजचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, त्याच जातीचं. आपल्याकडचे काजू कारखाने आफ्रिकेतून कच्ची बी मागवतात. तिकडचा विकणारा आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही. मग आपली बँक लिहून देते, की माल जहाजात चढल्याचे कागद अटीप्रमाणे आले की पैसे आम्ही देऊ. लक्षात ठेवा, बँक कागद बघते, बी फोडून बघत नाही. बी खराब निघाली आणि कागद बरोबर असले, तरी पैसे जातात. म्हणून तपासणीचा दाखला एलसीच्या अटीतच घालून घ्यायचा.

आणि ही हमी फुकट मिळत नाही. बँक तारण मागते. मोठ्याला ते जड नाही. छोटा कारखानदार मात्र घर नाहीतर बाग लिहून देतो. आंबेवाल्याचं तर त्याहून वाईट. पेट्या उधारीवर वाशीला जातात, पट्टी येईल तेव्हा येईल. हातात ना हुंडी, ना एलसी. परदेशी गिऱ्हाईक बुडालं तर भरपाई देणारी सरकारी विमा कंपनी, ईसीजीसी, 1957 पासून आहे. पण तिचा उपयोग निर्यात करणाऱ्याला, वाशीला पेट्या पाठवणाऱ्याला नाही.

1766 मध्ये राजाने गाव गहाण टाकलं. आज आपण कलमं गहाण टाकतोय. फरक एवढाच, की मुदत संपल्यावर आपल्याकडे फौज नाही. म्हणून सही करण्याआधी मुदत, व्याज आणि तारण परत कधी मिळणार, हे तीन रकाने नीट वाचा.

तुमच्या घरात जुनी हुंडी किंवा गहाणखत असेल तर फोटो टाका. बघूया, आजोबांनी काय लिहून दिलं होतं.