ल्युसीचा हट्ट

ल्युसिल बॉलविषयी लिहिणारे बहुधा तिच्या विनोदी मुद्रांपाशीच रेंगाळतात. मला तिचा हट्ट अधिक महत्त्वाचा वाटतो. जन्म १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउनचा. वडील लहानपणीच गेले. नाट्यशाळेने भिडस्त म्हणून घरी धाडले. पुढे मॉडेलिंग, नृत्यपथक, आरकेओ स्टुडिओत किरकोळ भूमिका. चित्रपटांच्या पहिल्या फळीत ती पोचलीच नाही.

नभोवाणीवरची तिची विनोदी मालिका गाजली, तेव्हा सीबीएसने तिला दूरचित्रवाणीवर बोलावले. तिची अट एकच: पडद्यावरचा नवराही खराच, म्हणजे क्यूबाचा देसी अर्नाझ हवा. अमेरिकी प्रेक्षकांना ही जोडी पटेल का, अशी अधिकाऱ्यांना शंका. मग दोघांनी १९५० मध्ये गावोगाव रंगमंचावर प्रयोग करून ती फेडली.

१९५१ मध्ये ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली. न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपण नको, हॉलिवुडमध्येच प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रण हवे, हा आणखी एक हट्ट. त्याचा खर्च जास्त. म्हणून दोघांनी मानधन कमी घेतले, पण फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. (जुन्या भागांना पुढे मोल येईल, हे तेव्हा किती जणांना सुचले असेल?) ते मोल आले. १९५७ मध्ये त्यांच्या देसिलू कंपनीने आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. तिथेच ती एकेकाळी पगारी नटी होती.