लिनक्समधील ग्राफिक्स ड्रायव्हर इशारे

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती बसवताना किंवा तिच्यासह संगणक प्रथम सुरू होताना ग्राफिक्स ड्रायव्हर, त्याचे फर्मवेअर अथवा त्याची स्वाक्षरी यांविषयी प्रणाली जे संदेश नोंदवते, त्यांना ग्राफिक्स ड्रायव्हर इशारे म्हणतात. यांतील पुष्कळसे इशारे केवळ माहितीपर असतात. काही मात्र चित्रफलक कोरा राहण्याची किंवा चित्रण अतिशय मंदावण्याची पूर्वसूचना ठरतात. त्यामुळे इशाऱ्याचा प्रकार ओळखणे ही निवारणाची पहिली पायरी होय.

पार्श्वभूमी

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेतच समाविष्ट असतात. इंटेलसाठी आय९१५, एएमडीसाठी एएमडीजीपीयू आणि एनव्हिडियासाठी नूव्हो हे असे ड्रायव्हर आहेत. नूव्हो २०१० मध्ये आवृत्ती २.६.३३ मध्ये, तर एएमडीजीपीयू २०१५ मध्ये आवृत्ती ४.२ मध्ये समाविष्ट झाला. कर्नलसोबतच हे ड्रायव्हरही अद्ययावत होतात.

वापरकर्त्याच्या आज्ञावलींना दिसणारा कर्नलचा बाह्य पृष्ठभाग स्थिर राखला जातो; अंतर्गत रचना मात्र आवृत्तीगणिक बदलू शकते. परिणामी कर्नलबाहेरचे मॉड्यूल प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी पुन्हा संकलित करावे लागतात. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही यंत्रणा मुळात डेल कंपनीत विकसित झाली.

फर्मवेअर हा तिसरा घटक आहे. पूर्वी काही फर्मवेअर फाइली कर्नलच्या संहितेसोबत येत. २०१७ मधील आवृत्ती ४.१४ पासून त्या तिथून काढण्यात आल्या. आता त्या स्वतंत्र पॅकेजमधून मिळतात. कर्नल नवा आणि फर्मवेअर पॅकेज जुने, अशी विसंगती यातूनच उद्भवते.

इशाऱ्यांचे प्रकार

फर्मवेअर नसल्याचा इशारा: डेबियन व उबुंटू या वितरणांत प्रारंभिक रॅम प्रतिमा तयार होताना अमुक फर्मवेअर फाइल बहुधा उपलब्ध नाही, असा संदेश दिसतो. आय९१५ ड्रायव्हर आपल्याला लागू शकणाऱ्या सर्व पिढ्यांच्या फाइलींची यादी जाहीर करतो. प्रतिमा तयार करणारी आज्ञावली ती यादी पडताळते, परंतु संगणकात कोणती चिप आहे हे ती पाहत नाही. म्हणून स्वतःकडे नसलेल्या चिपविषयीचा इशारा दुर्लक्षणीय असतो. स्वतःच्या चिपची फाइल नसल्यास ऊर्जाबचत, चलचित्र प्रक्रिया किंवा काही नव्या चिपांवर संपूर्ण ग्राफिक्स कार्य बाधित होऊ शकते.

कर्नल दूषित झाल्याचा इशारा: मुक्त परवाना नसलेले, कर्नलबाहेरचे किंवा वैध स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल भरल्यास कर्नल स्वतःला दूषित म्हणून चिन्हांकित करतो. या खुणा संख्येच्या रूपात साठवल्या जातात: मालकीहक्काच्या मॉड्यूलसाठी १, कर्नलबाहेरच्या मॉड्यूलसाठी ४०९६ आणि स्वाक्षरी नसल्यास ८१९२. तिन्ही लागू असल्यास बेरीज १२२८९ येते. यामुळे संगणक बंद पडत नाही. मात्र अशा कर्नलवरील दोषांच्या तक्रारी कर्नलचे विकासक अनेकदा विचारात घेत नाहीत. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलची संहिता एमआयटी व जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुली केली. त्या मॉड्यूलमुळे पहिली खूण लागत नाही, दुसरी लागते.

आवृत्ती विसंगतीचा संदेश: एनव्हिडियाची ग्रंथालये अद्ययावत झाली, पण स्मृतीत जुनेच मॉड्यूल कार्यरत असले, तर दोहोंच्या आवृत्त्या जुळत नसल्याचे नोंदवले जाते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा दोष सहसा दूर होतो.

स्वाक्षरी नाकारल्याचा संदेश: सिक्युअर बूट चालू असताना विश्वसनीय चावीने स्वाक्षरित नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारू शकतो. हा केवळ इशारा नव्हे. अशा वेळी तो ड्रायव्हर भरलाच जात नाही.

निदान

प्रथम 'युनेम -आर' या आज्ञेने चालू कर्नलची आवृत्ती पाहतात. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा ग्राफिक्स चिप व तिला जोडलेला ड्रायव्हर दाखवते. त्यानंतर 'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल' यांतील नोंदी तपासतात. मागील सत्राच्या नोंदी जतन झाल्या असल्यास 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मिळतात. चित्रणासाठी एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसत असल्यास ते काम ग्राफिक्स चिपऐवजी मुख्य प्रक्रियक करत आहे, असे समजावे. 'डीकेएमएस स्टेटस' ने मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी तयार झाले आहे ते कळते.

निवारण

फर्मवेअर नसल्यास वितरणाचे अधिकृत पॅकेज अद्ययावत करून प्रारंभिक रॅम प्रतिमा पुन्हा तयार करतात. डेबियनमध्ये आवृत्ती १२ पासून (२०२३) अशा मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी स्वतंत्र विभाग आहे. केवळ इशारा दिसू नये म्हणून त्या नावाची रिकामी फाइल ठेवणे अयोग्य होय. त्यामुळे खरी उणीव झाकली जाते.

डीकेएमएसचे संकलन अयशस्वी झाल्यास चालू कर्नलच्याच आवृत्तीची शीर्षक पॅकेजे बसवलेली आहेत का, हे तपासतात. ती असूनही संकलन होत नसेल, तर ड्रायव्हर नव्या कर्नलच्या मानाने जुना असण्याची शक्यता असते. स्वाक्षरीचा प्रश्न असल्यास संगणकाच्या मालकाची चावी नोंदवून मॉड्यूल स्वाक्षरित करतात. सिक्युअर बूट बंद करूनही काम होते, परंतु प्रारंभीच्या टप्प्यातील संरक्षण त्यामुळे नाहीसे होते.

चित्रफलक कोराच राहिल्यास ग्रब सूचीतील प्रगत पर्यायांमधून जुना कर्नल निवडता येतो. 'नोमोडसेट' हा पर्याय मर्यादित दर्जाचे चित्रण मिळवून देतो. तो तात्पुरता उपाय आहे. नवा कर्नल नीट चालतो याची खात्री होईपर्यंत जुना काढून टाकू नये. फेडोरा पूर्वनिर्धारितपणे कर्नलच्या तीन आवृत्त्या ठेवते, ती याच सावधगिरीसाठी.