कमी गुणांच्या मुलांचे शहर : औरंगपुरा ते नागसेनवन

जून महिना आला की औरंगपुऱ्याचा रंग बदलतो. वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते. सरस्वती भुवनच्या फाटकाशी हातात गुणपत्रिकेची घडी घेतलेली मुले उभी असतात आणि त्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून, त्यांचे अब्बा किंवा मामू. ज्याला गुण चांगले पडले त्याची गुणपत्रिका उघडी असते. ज्याला कमी पडले त्याची घडी अधिक बारीक असते. आम्ही त्या बारीक घडीवाल्यांपैकी.

उर्दू माध्यमातून आलेल्या आम्हाला बारावीला त्रेचाळीस टक्के मिळाले. इंग्रजीने मारले होते. घरच्यांनी हौसेने, कर्ज काढून परगावच्या एका मोठ्या कॉलेजात घातले. वर्षभरात फी, खोलीभाडे आणि खानावळ यांनी अब्बांची कंबर मोडली, आणि वर्गात काय चालले आहे ते आम्हाला कळेना. शेवटी टी. सी. घेतली, विद्यापीठ बदलायचे म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट काढले आणि आम्ही परत गावी आलो. मोहल्ल्यात म्हणाले, ‘पोरगा हरून आला.’ आम्हालाही तसेच वाटत होते. या शहराचा शिक्षणाचा इतिहास पुढे वाचला, तेव्हा कळले की हरून आलेल्यांची आणि कॉलेज बदललेल्यांची इथे फार जुनी परंपरा आहे.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून विज्ञान आणि कायदा शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी भाषांतराचे खास खाते उघडले होते. औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज निघाले. मौलवी अब्दुल हक त्याचे प्राचार्य होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभारही ते कित्येक वर्षे याच शहरातून चालवत होते. उर्दूच्या इतिहासात औरंगाबादचे नाव त्यामुळे सोन्याच्या अक्षरांनी लिहिले गेले. याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो का नसावा?

पण नाण्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली पाहिजे. पैठण, गंगापूर, अंबडकडच्या खेड्यांतून येणाऱ्या मराठी मुलाच्या घरात उर्दू नव्हती. त्याचे गणित कच्चे नसे, भाषा परकी असे. परीक्षा मात्र दोन्ही एकत्र तपासत असे. अशा मुलांसाठी १९१५ साली सरस्वती भुवन ही खासगी शाळा निघाली आणि औरंगपुऱ्यात वाढली. लोकवर्गणीवर, शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारावर ती टिकली. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा माणूस या संस्थेचा आधार झाला. गणितातला हा हुशार विद्यार्थी स्वातंत्र्यलढ्यात उतरला आणि आयुष्यभर शिक्षणाशी बांधलेला राहिला.

१९३८ साली आणखी एक गोष्ट घडली. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाच्या अखत्यारीतल्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. त्या आंदोलनात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलेही होती. कित्येकांची नावे पटावरून गेली. त्यांना दारे उघडली ती नागपूर विद्यापीठाने. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही कॉलेज सोडावे लागलेल्यांपैकी एक. त्या गीतावरून कोणाचे मत काय, हा आजच्या लेखाचा विषय नाही. आम्हाला एवढेच सांगायचे आहे की कॉलेज सुटले म्हणून शिक्षण सुटू नये, याची सोय दुसऱ्या एका विद्यापीठाने केली.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि पारडे फिरले. आता उर्दूत शिकलेली मुले परकी ठरू लागली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, दफ्तराची भाषा बदलली. काल ज्या पायरीवर मराठी मुलगा अडखळत होता, त्याच पायरीवर आज आमचा मुलगा अडखळू लागला. एका पिढीचे अपयश दुसऱ्या पिढीच्या वाट्याला आले, फक्त घर बदलले. दोघांनीही एकमेकांना ‘अभ्यासात कच्चा’ म्हटले. भाषेला कोणी दोष दिला नाही.

या दोन्ही कच्च्यांची बाजू ज्याने ओळखली, तो माणूस १९५० साली या शहरात कॉलेज काढायला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज त्या वर्षी छावणीत सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, ही दोन नावे शाळा-कॉलेजाला याहून शोभणारी सापडणार नाहीत.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या मॅट्रिकची गोष्ट आमच्या मुलांना सांगितली पाहिजे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. टक्केवारी काढली तर अडतीसच्या आत. संस्कृत शिकायची मुभा त्यांना मिळाली नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली, आणि बी. ए. ला त्यांचे विषय इंग्रजी व फारसी होते. बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना पंचवीस रुपये दिले नसते तर एल्फिन्स्टनमधले शिक्षण पुरे झाले असते का? आज अडतीस टक्क्यांची ती गुणपत्रिका घेऊन कोणी खिडकीशी उभे राहिले, तर आतला माणूस मान वर करील का, याची आम्हाला शंका आहे. तोच विद्यार्थी पुढे कोलंबिया आणि लंडनमधून पदव्या घेऊन आला. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याने सरकारला सुनावले की उच्च शिक्षण गरिबाला परवडेल इतके स्वस्त हवे. मिलिंद कॉलेज म्हणजे त्या भाषणाची वीटबांधणी.

खेड्यांतली मुले इथे आली, वसतिगृहात राहिली. १९६० नंतरच्या दशकात याच आवारात प्राचार्य म. ना. वानखडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या आसपास ‘अस्मितादर्श’ची आणि दलित साहित्याची चळवळ उभी राहिली. ज्यांना भाषेत कच्चे म्हटले गेले होते, त्यांनीच मराठी भाषेला नवे बळ दिले.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज संपली. १९६० साली देवगिरी कॉलेज आले. १९६३ साली सरस्वती भुवनचे कला-वाणिज्य महाविद्यालय औरंगपुऱ्यात सुरू झाले आणि त्याच वर्षी रौजाबागेत डॉ. रफिक झकेरियांनी मौलाना आझाद कॉलेज काढले. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळात सुरू झालेल्या ई. बी. सी. सवलतीने फीचा भार हलका केला होता. दहा-पंधरा वर्षांत सायकलच्या टप्प्यात अशी कॉलेजे उभी राहिली की एकाने नाकारले तर दुसरे घेईल, असा विश्वास गरिबाला आला.

आम्ही परत आलो ते या विश्वासावर. औरंगपुऱ्यातून बारापुल्ला दरवाज्याकडे सायकलवर जाताना आम्ही तीन वर्षे मराठीतून नोट्स लिहिल्या, शेजारच्या बाकावरच्या मित्राकडून ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घेतले, आणि त्याला फारसी शब्दांचे मूळ सांगितले. ‘दफ्तर’, ‘खुर्ची’, ‘शाई’ हे आमच्याकडून आलेले म्हटल्यावर तो हसून म्हणाला, ‘मग परीक्षेतले मार्क पण वाटून घ्या.’ तोही थर्ड क्लासवालाच होता. आम्ही दोघेही पास झालो.

२००६ साली सच्चर समितीने आकडा दिला : वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी वा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी, आणि देशाची सरासरी सातच्या आसपास. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे गुणपत्रिकेची घडी उलगडायचे धाडस न झालेली मुले, असे आम्हाला वाटते. त्यांतली कित्येक गॅरेजात, हातगाडीवर, हिमरूच्या मागावर निघून गेली. त्या कामात कमीपणा नाही. पण ती निवड त्यांची नव्हती.

२०२३ साली शहराचे नाव बदलले. औरंगपुऱ्यात जूनमधली गर्दी मात्र तशीच आहे. अनुदानित कॉलेजांच्या जागा अपुऱ्या पडतात आणि विनाअनुदानित वर्गांची फी पाहून अब्बा मंडळी आजही मागे सरकतात. त्या गर्दीतून जाताना बारीक घडीवाला एखादा मुलगा दिसला की आम्ही थांबतो आणि विचारतो, ‘किती पडले, बेटा?’ तो सांगत नाही. मग आम्हीच सांगतो, ‘आम्हाला त्रेचाळीस होते. आणि अडतीसपेक्षा कमी असतील, तर एका माणसाचे नाव सांगतो, ऐक.’