मठाच्या मापाची कुळकथा

पाटणच्या मठाचा विषय निघाला की खानदेशात लगेच भास्कराचार्यांचं नाव येतं. बाजाराचं नाव कुणी घेत नाही. मठ मात्र चालला तो बाजाराच्या जिवावर. घाण्याचं तेल, गिऱ्हाइकाची सुपारी आणि माल मोजायचं एक माप, यांतून त्यांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ शिकवणाऱ्यांचं पोट भरत होतं. हा सगळा जमाखर्च दगडावर कोरलेला आहे.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण आहे. आज तिथे गौताळ्याचं अभयारण्य, पाटणादेवीचं देऊळ आणि नवरात्रातली गर्दी. बाराव्या शतकात मात्र हे निकुंभ घराण्याचं ठाणं होतं. निकुंभ यादवांचे मांडलिक. लेखांत त्यांच्या अमलाखाली सोळाशे गावं सांगितली आहेत. यादवांची देवगिरी डोंगरापलीकडे, आणि घाट उतरून आलेल्याला तापीकडे, पुढे माळव्याकडे जायला ही वाट सोयीची. वाट तर यादवांहूनही जुनी. पाटणच्या माथ्यावरच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे पैठणच्या एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, खांबाचं दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. पैठणचा अत्तरवाला या डोंगरात दान देतो, याचा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीही इथून माल जात-येत होता.

मठ काढला चांगदेवाने. हा योगी चांगदेव नव्हे. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याचं देऊळ आहे तो वेगळा. हा भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा आणि यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतर विद्वानांचे ग्रंथ शिकवले जावेत, एवढ्यासाठी त्याने हा मठ घातला. घराणं तसं तालेवार. लक्ष्मीधराला राजा जैत्रपालाने पाटणहूनच आपल्या दरबारी नेलं होतं. भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याचा १२२२ चा लेख गिरणाकाठच्या बहाळला आहे. मठ खानदेशात आणखीही होते. धुळे जिल्ह्यात बळसाण्याच्या मंदिरांच्या घोळक्यात मठाची दगडी इमारत आजही दिसते.

पण विद्वान जमवणं सोपं, रोज त्यांना जेवू घालणं अवघड. निकुंभांच्या सोइदेवाने ९ ऑगस्ट १२०७ रोजी, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणात, मठाला उत्पन्न लावून दिलं. त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यात भर घातली. (यालाही कुणी हेमाडपंत समजू नये.) हा लेख देवीच्या देवळात भाऊ दाजी लाड यांना सापडला. त्यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला आणि पुढे कीलहॉर्न यांनी तो नीट वाचून छापला.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. वंशावळ, स्तुती, पदव्या असं सगळं त्यात रीतसर येतं. पैशांची गोष्ट आली की कोरणारा एकदम मराठी बोलीवर येतो. ज्ञानेश्वरी व्हायला अजून ८३ वर्षं होती. माझ्या मते हा निव्वळ व्यवहार होता. स्तुती पंडितांनी वाचायची होती, कर तेल्याने द्यायचा होता. ज्याने द्यायचं त्याला कळलं पाहिजे.

काय काय द्यायचं? पाटणात जो माल विकायला येईल त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला. ब्राह्मणांचा जो हक्क होता तो त्यांनी सोडला. गिऱ्हाइकाकडून दामाचा विसोवा, म्हणजे विसावा भाग, तो नगराने दिला. गिऱ्हाइकाकडूनच पाच पोफळी. पहिल्या घाण्याची लोटी मठाची, आणि जेवढे घाणे चालतील त्यांनी प्रत्येकी पळी पळी तेल द्यायचं. खानदेशात पोफळ पिकत नाही, सुपारी बाहेरून यायची. तीही सहज मोजून मागावी इतकी बाजारात होती, यावरून त्या पेठेचा आवाका कळतो.

आणि मग ती ओळ: इथे जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजावं. मापाई निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला. बाकीची कलमं म्हणजे दान. या कलमात मठाच्या हाती बाजाराची नाडी आली. माप मठाचं झालं की मापात खोट काढायची सोय कुणाला राहत नाही, आणि प्रत्येक पोत्यामागे उत्पन्नही येत राहतं. मापाऱ्याला निम्मं ठेवलं हे तर फारच हुशारीचं. त्याचं पोट त्याच मापावर, म्हणजे दुसरं माप पेठेत शिरू न देणं हे त्याच्याच फायद्याचं. बाजार समितीतला मापाडी आणि त्याची वेगळी मजुरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

मठात शिकवायची भास्कराचार्यांची लीलावतीही मापांपासूनच सुरू होते. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म. लांबी-रुंदी-खोली एकेक हात असलेल्या पात्राची खारी, तिच्या सोळाव्या हिश्शाचा द्रोण, त्याखाली आढक, प्रस्थ, कुडव. दाम हा द्रम्मच धरला, तर त्या कोष्टकाने विसोवा भरतो ६४ कवड्या. आत विद्यार्थी हे पाठ करत होते आणि बाहेर त्यांच्याच मठाच्या मापाने धान्य मोजलं जात होतं. शाळेला गणित आणि बाजार इतके जवळ पुन्हा क्वचितच मिळाले असतील.

म्हणून चाळीसगाव, भडगाव, धुळ्याकडच्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. पाटणादेवीला सहल न्याल तेव्हा भास्कराचार्यांचा जन्म नेमका कुठे झाला हा वाद बाजूला ठेवा आणि पोरांना हे उदाहरण घाला: बाजारात बारा घाणे चालतात, शंभर गिऱ्हाइकं येतात, प्रत्येकजण एका द्रम्माचा माल घेतो, तर मठाला तेलाच्या पळ्या किती, सुपाऱ्या किती आणि विसोव्याच्या कवड्या किती?